चौदा नंबरची उणीव

तरुण फॉरवर्डमध्ये काय आहे आणि काय नाही, हे क्लबला सांगणं हा माझा धंदा. काय आहे ते सांगायला फारशी अक्कल लागत नाही. पोरगा दोन मीटर उंच असला तर ते आंधळ्यालाही कळतं, फक्त एकदा धडक व्हावी लागते. खरं कसब उणिवा सांगण्यात असतं. पंचवीस वर्षं मी बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सगळ्यात वरच्या रांगेत बसून वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या उणिवा वहीत उतरवतोय. एवढ्या काळात माझ्या स्वतःच्या उणिवा विचारायला एकही माणूस हॉलमध्ये फिरकला नाही. घरी एक आहे, पण ती न विचारता सांगते.

आमच्या रिपोर्टाचा छापील नमुना असतो. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा, खाली घरची माहिती आणि अगदी तळाशी 'एका वाक्यात मत'. मॅनेजर तेवढं एक वाक्य वाचतो. तो आणि मी एकेकाळी एकाच टीममधून खेळलो. त्याचे गुडघे गेले म्हणून तो मॅनेजर झाला. माझा खेळच मुळात नव्हता, म्हणून मी स्काउट झालो. तो पानभर वाचणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी सगळी बुद्धी त्या एका वाक्यात ओतायचो. 'उडी छपरापर्यंत, विचार गुडघ्यापर्यंत.' 'पास असा देतो, जणू उसनं परत करतोय.' ही वाक्यं गाजली. इतर क्लबांचे स्काउट ती एकमेकांना सांगून हसायचे, आणि मी नीट ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा सांगायला लावायचो.

दोन वर्षांपूर्वी मी असंच एक वाक्य लिहिलं: 'सामना रंगात आला की हा गायब होतो.'

हा म्हणजे खालच्या लीगमधला चौदा नंबरचा फॉरवर्ड. एकवीस वर्षांचा, उंच, इतका हडकुळा की बरगड्यांवर पाय ठेवून वर चढता यावं. म्हणून टीममध्ये त्याचं नाव 'शिडी'. त्या सामन्यात मध्यंतरापर्यंत तो सुरेख खेळला. चेंडू हातात नसताना हा पोरगा जे करायचा ते बघण्यासारखं होतं. दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडे, आणि बघता बघता त्याला अडवणारा खेळाडू रिकाम्या जागेला अडवत उभा. डावा रकाना मी भरभरून लिहिला.

मध्यंतरानंतर मात्र चौदा नंबर मैदानावर दिसलाच नाही. त्याच्या जागी आला एकतीस. माझ्या यादीप्रमाणे एकतीस म्हणजे राखीव फॉरवर्ड, टोपणनाव 'जावईबापू', कारण तो बेंचवर पाय पसरून बसायचा आणि पाण्याची बाटलीसुद्धा त्याला हातात आणून द्यावी लागायची. हा जावईबापू त्या दिवशी पेटला. एकोणीस गुण, अकरा रिबाउंड. दोन टीममध्ये एका गुणाचं अंतर, हॉल उभा राहिलेला, आणि चौदाचा पत्ता नाही. मी ते वाक्य लिहिलं, खाली रेघ मारली, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

शिडीशी आमच्या क्लबचा करार जवळजवळ ठरला होता. तो बारगळला. त्याच्याऐवजी जावईबापूला घेतलं. पहिल्या दिवशी तो मला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "सर, नक्की मलाच घेतलंय ना?" मी बलस्थानांत 'नम्र' असं लिहिलं. सरावात तो रिंगकडे असा बघायचा की जणू ती एवढ्या उंचावर असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चार महिन्यांनी तो परत गेला. मला तेव्हाच काहीतरी सुचायला हवं होतं. पण स्काउटला, आपण चुकलो असं वाटण्याच्या खूप आधी, मुलगा बिघडला असं वाटतं.

शिडीबद्दलचं वाक्य मात्र परत गेलं नाही. ते या क्लबातून त्या क्लबात फिरत राहिलं. दोन वर्षांत पाच क्लबांनी त्याला बोलावलं, आणि पाचही जणांनी तो मैदानावर यायच्या आधीच त्याला गायब झालेला पाहिला.

*

यंदा हंगामाच्या मध्यावर आमच्या मुख्य फॉरवर्डचा घोटा मोडला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मॅनेजरने शिडीला आठवडाभराच्या चाचणीला बोलावलं. शुक्रवारी सराव सामना, त्यानंतर निर्णय. शिडी आता तेवीस वर्षांचा होता. त्याची बहीण एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुकादम होती, तिथे त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. आमच्याकडे जमलं नाही तर सोमवारपासून तो चादरींच्या ट्रॉल्या ढकलायला लागणार होता, आणि ट्रॉल्या ढकलणाऱ्याला पुन्हा कुणी चाचणीला बोलवत नाही.

सोमवार-मंगळवार मी सराव पाहिला. उजव्या रकान्यात लिहिलं: 'चेंडू धरून बसतो. तिघे अंगावर आले तरी स्वतःच मारतो.' बुधवारी 'घरची माहिती' भरायला त्याच्या घरी गेलो. हा आमच्या कामाचाच भाग असतो. फॉरवर्ड झोपतो किती, खातो काय, घरात उंची कुणाकडून आलीये, हे बघायचं आणि बघत नसल्यासारखं दाखवायचं.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. शिडीने दार उघडलं ते मान वाकडी करूनच. पलंगाच्या पायथ्याशी एक स्टूल लावलेलं होतं, त्यावर उशी. उरलेल्या पायांची सोय. बहीण नुकतीच पाळीवरून आली होती, गणवेश अजून अंगावर.

"या, बसा," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर नको, ती मागे जाते. तुम्हीच ना ते, गायबवाले?"

"ताई!" शिडी म्हणाला.

"ताई काय? ओळख करून घेतेय. दोन वर्षं घरात राहताहेत, आज पहिल्यांदा चेहरा दिसतोय."

मला समजलं नाही. तिने फ्रिजकडे बोट केलं. दारावर वहीचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर मोठ्या, नीट अक्षरात माझं वाक्य. खाली रेघसुद्धा होती.

"सर, राग वगैरे नाही हं," शिडी घाईघाईने म्हणाला. "उलट तुमचे आभारच मानायचे होते. तोंडावर कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात छान, छान, आणि बोलवत नाहीत. तुम्ही निदान कारण लिहिलंत. तेव्हापासून मी ठरवलं, कितीही झालं तरी गायब व्हायचं नाही. आता चेंडू हातात आला की मी सोडतच नाही."

"हो," मी म्हटलं. "ते दिसलं."

"दिसलं ना?" तो खूश झाला.

बहिणीने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "मला एक सांगा, साहेब. हा गायब झाला तो सामना कुठला? याला विचारलं तर म्हणतो, सरांना माहीत."

मी सांगितलं. थंडीचे दिवस, अवकाळी पाऊस, छप्पर गळणारा हॉल, एका गुणाने संपलेला सामना.

"छप्पर गळत होतं तो? अहो, तो तर नाकाचा सामना!" ती आत गेली आणि कपाटातून एक शर्ट घेऊन आली. पांढरा, पुढे चौदा आकडा, आणि आकड्यावर गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेला तपकिरी डाग. "हे बघा. मध्यंतराच्या आधी कोपर बसलं नाकावर. टीमच्या त्या शहाण्या माणसाने शर्ट गरम पाण्यात बुडवला. रक्ताला गरम पाणी! मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रक्ताचेच डाग काढते, पण एकदा गरम पाणी लागलं की माझ्या बापाच्यानेही निघत नाही."

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? अंगावर रक्त असलं की खेळू देत नाहीत ना तुमच्यात? मग तो ऐतोबा होता एक, बेंचवर बसलेला, त्याचा शर्ट घालून खेळला हा. नाकात कापूस कोंबून. मी तिथेच होते की, खालच्या रांगेत. एकोणीस गुण केले याने. आणि तुम्ही म्हणता गायब."

रक्त लागलेला शर्ट बदलावा लागतो, हा नियम मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. नव्या स्काउटांना मी तो शिकवतो.

"ताई, तसं नसतं ते," शिडी मला वाचवायला धावला. "शेवटच्या दोन मिनिटांत माझा एक पास चुकला होता. आठवतंय मला. सर त्याच्याबद्दल म्हणत असणार. वरून सगळं दिसतं त्यांना."

आता बोलायची वेळ होती. समोर शर्ट होता, समोर मुलगा होता. मी म्हटलं, "चहा छान झालाय."

*

ऑफिसात जाऊन मी त्या सामन्याचा अधिकृत तक्ता काढला. आकड्यांचं पान मला तोंडपाठ होतं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'शेरा' असतो, तो मी कधी वाचत नाही. 'क्र. १४ चा शर्ट रक्तामुळे बदलला. उर्वरित सामन्यात क्र. ३१.' पुढे पंचांची सही. हे लाउडस्पीकरवरून जाहीरही झालं असणार. तेव्हा मी कुठे होतो तेही आठवलं. मी कँटीनमध्ये दोन नव्या स्काउटांना समजावत होतो की खेळाडूकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नसतं. माझे डोळे तसेही फार उपयोगाचे नव्हते. डॉक्टरने त्याच वर्षी जाड भिंगाचा चष्मा सांगितला होता आणि तो लावला की मी म्हातारा दिसतो, म्हणून तो ड्रॉवरमध्ये होता. वरच्या रांगेतून ते दोघे म्हणजे काड्यापेटीतल्या दोन काड्या. मी आकडे बघून माणसं ओळखत होतो, आणि आकडा बदलल्यावर माणूस बदलला असं समजलो.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच बसली होती.

"म्हणजे एकाचे मार्क दुसऱ्याला," ती मान वर न करता म्हणाली.

"तसं अगदी नाही म्हणता येणार."

"कसं म्हणता येईल मग?"

मी विचार केला. दुसरं कसं म्हणता येईना.

"माझ्याकडून झालं होतं एकदा असं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, चूक माझी. दोन मिनिटांचं काम होतं. मुलं आठवडाभर हसली."

"तुझा तो वर्ग होता. माझं इथे नाव आहे."

"नाव!" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "त्या मुलाचं काय नाव आहे हो?"

मला पटकन आठवेना. मी शिडी म्हणालो. ती पुन्हा तपासायला लागली.

*

शुक्रवारी सामन्याआधी मॅनेजरला सांगायचं असं मी पक्कं ठरवून गेलो. तो फोनवर होता. मग तो ट्रेनरशी बोलत होता. मग तो एकटाच उभा होता आणि मोकळा होता, तेव्हा मला खोकला आला. सामना सुरू झाला.

शिडी भयंकर खेळला. चेंडू आला की छातीशी धरायचा, दोघे-तिघे अंगावर घेऊन उडायचा आणि मारायचा. नऊ प्रयत्न, दोन बास्केट. आपल्याच टीमचे खेळाडू हात पसरून उभे, आणि हा त्यांच्याकडे बघायलासुद्धा तयार नाही. त्या जुन्या दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडेचा मागमूस नव्हता. मधूनमधून तो वर, माझ्या रांगेकडे बघायचा. सर, बघताय ना? आहे मी.

"तुझ्या वाक्याच्या उलटच आहे की रे," शेजारी बसलेला मॅनेजर म्हणाला. "हा थोडा वेळ गायब झाला तर उपकार होतील."

तेव्हा मला बसवेना. पश्चात्तापाने बसवत नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि त्याचा मला किंचित अभिमानही वाटला, हे लिहायला हवं. मध्यंतर झाल्याबरोबर मी जिने उतरून खाली गेलो. शिडी ड्रेसिंग रूमच्या बाहेर भिंतीला टेकून पाणी पीत होता.

"सर! जास्त होतंय का? का अजून हवं?"

"ऐक," मी म्हटलं. "ते वाक्य चुकीचं आहे. त्या दिवशी तू एकतीस नंबरचा शर्ट घातला होतास. मी ओळखलं नाही. चौदा दिसला नाही म्हणून तसं लिहिलं. तू गायब नव्हतास. तुझे एकोणीस गुण मी दुसऱ्याच्या नावावर टाकले."

तो बाटली तोंडाजवळ धरून तसाच राहिला.

"पण तो पास..." तो म्हणाला.

"पासबिस काही नाही. मी तुला पाहिलंच नाही."

"मग मी दोन वर्षं हे..." त्याने मैदानाकडे हात केला. "हे कशासाठी शिकलो?"

प्रशिक्षकाने आतून हाक मारली. तो आत गेला. मला मात्र हलकं वाटत होतं. जिने चढताना गुडघेही दुखले नाहीत.

मध्यंतरानंतर तो मैदानावर आला आणि चालतच राहिला. चेंडू आला तर असा सोडायचा की जणू पोळला. रिकाम्या जागी जायला निघायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. मारू का देऊ, धावू का थांबू, काहीच ठरेना. वर तर त्याने एकदाही बघितलं नाही. त्याला अडवणाऱ्या खेळाडूने शेवटी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि दुसऱ्याच्या मदतीला गेला. पंधरा मिनिटांत एक गुण नाही, एक रिबाउंड नाही. शेवटची पाच मिनिटं तो बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला.

"वा!" मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. "सामना रंगात आला, आणि हा गेला! दोन वर्षं आधी ओळखलंस तू. मानलं बाबा."

आयुष्यात माझ्या कामाचं इतक्या मनापासून कौतुक त्याने कधी केलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. शर्ट, रक्त, शेरा, चष्मा आणि मध्यंतर.

त्याने ते ऐकून घेतलं. हसला नाही. "मध्यंतरात सांगितलंस?"

"हो."

"सामना संपल्यावर नाही?"

"मला राहवेना."

"तुला राहवेना," तो म्हणाला, आणि उठून गेला.

हॉलच्या दाराशी शिडीची बहीण उभी होती. जेवणाच्या सुट्टीत पळत आली होती, गणवेशाला साबणाचा वास. शिडीने तिला सांगितलेलं होतं. तो लांब बसस्टॉपवर उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

"बुधवारी माझ्या घरात बसून माझा चहा प्यायलात," ती म्हणाली. "शर्ट तुमच्यापुढे धरला होता मी. तेव्हा जीभ काय धुवायला टाकली होती?"

"माझं चुकलं."

"ते कळलं हो. बुधवारी नाही बोललात, गुरुवारी नाही. आज सकाळी नाही. आणि नेमकं मध्यंतरात? तासभर थांबता आलं नाही? कुणाच्या डोक्यावरचं उतरवलंत, त्याच्या की तुमच्या?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं बघणं मला ओळखीचं होतं, फक्त मी नेहमी दुसऱ्या बाजूला असतो.

"आता ऐका. याला अजून एक आठवडा मिळवून द्या. ती चादरींची जागा मी आठवडाभर धरून ठेवते, कुणाचे पाय धरायचे ते धरते. ज्या ज्या क्लबात तुमचं ते वाक्य गेलं, तिथे तिथे लिहून कळवा. नीट, सहीनिशी. आणि त्या आठवड्यात तुम्ही हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. वरसुद्धा नाही. तुम्ही दिसलात की तो तुमच्यासाठी खेळतो."

"मॅनेजर ऐकेल का, सांगता येत नाही."

"मग त्यांचे पाय तुम्ही धरा," ती म्हणाली. "वरच्या रांगेत बसायची सवय आहे तुम्हाला. थोडं वाकून बघा."

*

मॅनेजर ऐकेना. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. मुलगा आज जसा खेळला तसा खेळला. दोन वर्षांपूर्वी कसा खेळायचा याच्यावर करार होत नाही. "तुझी चूक त्याच्या अंगात मुरलीये," तो म्हणाला. "आता ती त्याचीच."

मी म्हटलं, पाच क्लबांना पत्र जाणार आहे, आपल्या क्लबच्या कागदावर. त्यात लिहिणार आहे की आमच्या स्काउटाने माणूस न बघता आकडा बघितला आणि भलताच खेळाडू घेतला. तो म्हणाला, क्लबचा कागद वापरायचा नाही. मी म्हटलं, मग साध्या कागदावर लिहितो, पण आठवडा दे. तो गुडघा चोळत म्हणाला, "साध्या कागदावर. आणि आठवडा म्हणजे पाच दिवस."

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं होतं. बायकोने लाल पेनाने ते खोडलं. दुसऱ्यात 'दोन्ही खेळाडूंच्या चणीतील विलक्षण साम्यामुळे' होतं. तेही खोडलं. शेवटी राहिलं ते असं: 'मी त्या खेळाडूला मध्यंतरानंतर ओळखलं नाही. तो खेळत होता. मी लिहिलेलं वाक्य खोटं आहे, ते कृपया कुठेही वापरू नये.' खाली सही. पाचपैकी तीन क्लबांनी उत्तर दिलं नाही. एकाने पोच पाठवली. एका स्काउटाने फोन केला, पोट धरून हसला आणि म्हणाला, "अहो, पण वाक्य काय झकास होतं!"

त्या पाच दिवसांत शिडी कसा खेळला ते मी पाहिलेलं नाही. मी ऑफिसात बसून जुन्या तक्त्यांतले शेरे वाचत होतो. पंचवीस वर्षांचे शेरे. अजून दोन ठिकाणी मला घाम फुटला, त्यातला एक जण आता आजोबा झालाय असं कळलं.

रिपोर्ट लिहिला माझ्या हाताखालच्या मुलीने. त्या दिवशी कँटीनमध्ये माझं व्याख्यान ऐकणाऱ्या दोघांपैकी ती एक. ती खालच्या रांगेत बसते, चष्मा लावून. तिने लिहिलं होतं की पहिले दोन दिवस वाईट गेले, तिसऱ्या दिवशी त्याने चेंडूविना हलायला सुरुवात केली, पाचव्या दिवशी त्याला अडवणारा खेळाडू चिडून पंचांशी भांडला. उणिवांत एकच गोष्ट होती: 'आपल्याकडे वरून कुणी बघतंय असं वाटलं की घाई करतो. मधेच वर बघतो. वरच्या रांगेत कुणी नसलं तरी.'

"हे बरोबर आहे ना, सर?" तिने विचारलं. "मला कारण नाही सापडलं. घरच्यांचा दबाव असेल का?"

"नाही," मी म्हटलं. "घरचे चांगले आहेत." आणि मग तिला सगळं सांगितलं. तिला हे काम अजून बरीच वर्षं करायचंय, तिने हे ऐकलेलं बरं, असं मी स्वतःला बजावलं. ती चष्मा पुसत राहिली आणि माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

मॅनेजरने त्याला उरलेल्या हंगामापुरतं घेतलं. राखीव म्हणून. मुख्य फॉरवर्डचा घोटा बरा झाला की पुढचं बघू, असं म्हणाला. चादरींची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

शिडी आता रोज आमच्या हॉलमध्ये सराव करतो. सुधारतोय असं ऐकतो. माझ्या ऑफिसात जायचा सोपा रस्ता त्या हॉलच्या वरच्या सज्ज्यातून जातो. पहिल्या आठवड्यात मी एकदा तिथून गेलो. तो समोरच्याला चकवून छान मोकळा झाला होता, चेंडू त्याच्याकडे निघाला होता, आणि त्याने मला पाहिलं. "नमस्कार सर!" तो मनापासून म्हणाला, आणि चेंडू त्याच्या खांद्याला लागून बाहेर गेला.

तेव्हापासून मी मागच्या जिन्याने जातो. तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. कुणी विचारलंच तर सांगतो, डॉक्टरांनी चढायला सांगितलंय. वर पोचेपर्यंत धाप लागते, मग थोडा वेळ भिंतीला धरून उभा राहतो. तिथे खालून चेंडूचा आवाज येतो. कोण मारतंय ते काही कळत नाही.